'च' काढला की सगळं सोपं होतं?

स्लो लोकल

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलीने इंजिनिअरिंगचा प्रवेश रद्द केला आणि भूगोल घेऊन बी.ए. करते म्हणाली. तोंडाने मी 'बरं' म्हटलं. पण रात्री अडीचला जाग यायची ती कावळे ओरडेपर्यंत डोळा लागत नसे. बीपीची गोळी वाढली तेव्हा डॉक्टरांनीच मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

त्यांनी दोनशे पानी वही आणायला सांगितली. पानावर तीन रकाने : काय घडलं, मी मनात काय म्हणालो, मग मला काय झालं. आठवड्याने वही घेऊन गेलो, तर न वाचताच त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "मधल्या रकान्यातल्या प्रत्येक 'च'ला गोल करा." एका पानावर अकरा गोल निघाले. 'तिने आधी मला विचारायलाच हवं होतं.' 'एवढी फी भरल्यावर टिकायलाच पाहिजे.' 'चार लोकांत माझी मान खाली जाताच कामा नये.' घटना एक आणि 'च' अकरा.

ही अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, १९५५ च्या आसपासची. आपल्याकडे ती रुजवली कि. मो. फडके यांनी, एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. मूळ कल्पना मात्र एपिक्टेटस या तत्त्वज्ञाची, म्हणजे जवळजवळ १९०० वर्षं जुनी : माणसाला घटना छळत नाही, घटनेबद्दल त्याने करून घेतलेलं मत छळतं. इच्छा ठेवा, हट्ट सोडा. 'हवं' राहू द्या, 'हवंच'मधला 'च' खोडा.

चार महिन्यांत माझी झोप परत आली. आता मला वाटतं की सुखाने जगण्याचं सगळं तत्त्वज्ञान या एका अक्षरात आहे. कुणाला पटतंय का?

अर्धविराम

भाषेपुरतं बोलतो. मराठीतला प्रत्येक 'च' हट्टाचा नसतो. 'मीच वेडा' यातला 'च' काढला की 'मी वेडा' उरतं. त्याने कुणाला झोप लागेल असं वाटत नाही.

शेवटची पोळी

मला पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे सासऱ्यांना पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. डब्यातली चालत नाही. ते जेवतात, मग नवरा, मग मुलं, आणि तोवर मी ओट्याशी. माझ्या वाट्याला येते ती शेवटची, बहुधा कणीक संपत आल्यावर लाटलेली, वेडीवाकडी. हे सांगायचं कारण की सात वर्षांपूर्वी मीही असल्याच एका शिबिराला गेले होते. तिथेही हेच. मी घरी येऊन इमानदारीत 'च' खोडले. 'यांनी मला मदत करायलाच हवी' याचं केलं 'मदत केली तर बरं'. 'मलाही गरम जेवायला मिळायलाच हवं' याचं केलं 'मिळालं तर छान'. मी खरोखर शांत झाले. सगळे म्हणायला लागले, हिचा स्वभाव किती सुधारला! तीन वर्षांनी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रोज किती वेळ उभ्या असता.

माझा मुद्दा साधा आहे. 'पोळी गरमच हवी' हा 'च' सासऱ्यांचा. तो खोडायला मात्र मी शिबिराला गेले. घराघरांत बघा, 'च' एकाचा असतो आणि विवेकनिष्ठ व्हायचं दुसऱ्याने.

काठावर पास

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण दोष पद्धतीचा नाही. समाधान आणि मुकाट्याने सोसणं यात तुमची गल्लत झाली. एलिस कुठेच म्हणत नाही की गप्प बसा. तो म्हणतो, मदत मागा, नाही मिळाली तर पुन्हा मागा, भांडा. फक्त 'मिळाली नाही तर मी मेले' असं मानू नका. स्वतःवर त्याने काय प्रयोग केला बघा. हा पठ्ठ्या १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. म्हणून ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं, असं त्याने ठरवलं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे शंभरेक जणींशी बोलला, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, हे त्याला कळलं. हा काय गप्प बसणारा माणूस आहे?

शेवटची पोळी

आणि बागेत निवांत बसलेल्या त्या शंभर जणींना काय कळलं? त्यांच्या मधल्या रकान्यात कुणी डोकावलं का?

(गल्लत माझी झाली असेल. पण शिबिरात बसलेल्या चाळीस जणांत तेहतीस बायका होत्या. सगळ्यांचीच झाली असेल तर मग शिकवण्यात काहीतरी आहे.)

निळी शाई

ताईंनी घरातलं सांगितलं, मी घराबाहेरचं सांगतो.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात समाजसुधारक बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं होतं, प्रत्यक्षात थेंब मिळत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या लोकांनी मधल्या रकान्यात 'पाणी प्यायला मिळालं तर बरं' असं लिहिलं असतं, तर आजही ठराव कागदावरच असता. टिळकांचं वाक्य तर पोरांनाही पाठ आहे : 'तो मी मिळवणारच.' काढा बघू त्यातला 'च'. काय उरतं?

आणि ज्या एपिक्टेटसचे गोडवे चाललेत तो जन्माने गुलाम होता. मालक रोममधली बडी असामी. गुलामाने 'परिस्थिती माझ्या हातात नाही, मत माझ्या हातात आहे' असं म्हटलेलं मालकाला किती सोयीचं!

स्लो लोकल

निळी शाई, दोन गोष्टी.

एक, एपिक्टेटस पुढे मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन त्याने स्वतःची शाळा काढली. मालकाच्या दारात बसून राहिला नाही.

दुसरी गोष्ट महाडचीच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला होता. माणसं जमली, आणि ऐन वेळी तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला आणि कोर्टात लढले. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. 'आजच्या आज व्हायलाच हवं' म्हणणारा माणूस इतकी वर्षं टिकत नाही, दोन वर्षांत जळून जातो. त्यांनी तातडीचा 'च' सोडला म्हणून हक्क हाती आला.

टिळकांचं वाक्य तुम्ही काढलंत, मी आगरकरांचं काढतो : 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार.' एकही 'च' नाही. आणि या माणसाने तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली.

निळी शाई

आगरकरांचं वाक्य आवडलं, मान्य. पण डिसेंबरचा अर्थ तुम्ही सोयीने लावताय. तिथे 'च' सोडला नव्हता, त्याची जागा बदलली होती. 'आजच' गेला, 'पाणी आमचंच' गेलं नाही. मनातला हट्ट सोडलेला माणूस दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत नाही, घरी जाऊन शांत झोपतो. तुम्हाला झोप लागली हे चांगलंच आहे. पण काही माणसांची झोप उडालेली राहिली म्हणून पुढच्यांना पाणी मिळालं, याचा हिशेब तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात मांडायचा?

पिंपळगावकर

नमस्कार मंडळी. माझी चार एकर द्राक्षबाग आहे. तत्त्वज्ञान फार वाचलेलं नाही, पण 'च'शी रोजची गाठ आहे.

ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की पुढचे चार-साडेचार महिने बाग लहान लेकरासारखी. पहाटे धुकं पडलं की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीला ट्रॅक्टर काढायचाच, बायकोचा ताप असो नाहीतर घरात लग्न असो. तिथे 'काढला तर बरं' म्हणणारा माणूस बागेतून उठला म्हणून समजा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये माल गोडीवर आला की एखाद्या दुपारी गारा पडतात. दहा मिनिटं. मागच्या खेपेला मी शेडमध्ये उभा राहून बघत होतो. पत्र्यावर आवाज इतका की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळेना. थांबलं तेव्हा घडाखाली मणी असे सांडले होते, जसं कुणी तुटलेली माळ टाकली. वडील जवळ आले, म्हणाले, "चल, चहा घे." बस. 'असं व्हायलाच नको होतं' असं ते म्हणाले नाहीत. आभाळाला कुठला 'च' लावणार?

पण त्याच्या आदल्या साली एक व्यापारी माल उचलून चेक देऊन गेला आणि फोन बंद. गावातल्या सात जणांचे पैसे. तेव्हा हेच वडील आठवड्यातून दोनदा पोलीस ठाण्यात जाऊन बसायचे. मी म्हटलं, सोडा आता. तर म्हणाले, "गारा देवाने टाकल्या, हा तर माणूस आहे. ह्याने द्यायलाच पाहिजे."

तेव्हा मला वाटतं, भांडण 'च' काढण्याचं नाहीच. समोर आभाळ आहे की व्यापारी, ते आधी बघायचं. स्लो लोकल साहेब, तुमची मुलगी आभाळात मोडते. तिने काय शिकायचं ते तिचं. आमच्या ताईंचे सासरे मात्र व्यापाऱ्यात मोडतात, राग मानू नका.

शेवटची पोळी

राग कसला, हसू आलं. सासऱ्यांना वाचून दाखवणार नाही एवढंच.

काठावर पास

पिंपळगावकर, झकास. पण एक शंका. पैसे मिळाले का?

पिंपळगावकर

सातातल्या तिघांचे, तेही अर्धे. आमचे नाही. वडील अजून जातात. झोप मात्र त्यांना माझ्यापेक्षा चांगली लागते, ते कसं ते विचारू नका.

वॉर्ड नंबर सात

मी मानसिक आरोग्य विभागात परिचारिका आहे. चर्चा छान चालली आहे, एक काडी घालते. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामाची इच्छा सगळंच गेलं असेल, मनात मरणाचे विचार येत असतील, तर वही आणि लाल पेन घेऊन बसू नका. तो आजार असू शकतो, आणि त्यावर डॉक्टर लागतो. तिथे पेशंटला 'तुझे विचारच चुकीचे' म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायाला चाल सुधार म्हणणं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. स्लो लोकल यांनी आधी डॉक्टर गाठले, मग समुपदेशक, हा क्रम बरोबर होता. वाचणारे फक्त वहीची गोष्ट लक्षात ठेवतात म्हणून लिहिलं.

अर्धविराम

'वॉर्ड नंबर सात' यांना अनुमोदन. तिथेही 'डॉक्टर लागतो' नव्हे, 'लागतोच'.

स्लो लोकल

अर्धविराम, आज तुम्ही जिंकलात.

पिंपळगावकरांचं आभाळ-व्यापारी पटलं, जवळजवळ पूर्ण. अडचण एवढीच की रात्री अडीच वाजता सगळेच व्यापारी वाटतात. मला वर्षभर मुलगी व्यापारी वाटत होती : फी घेतली, माल दिला नाही. कोण कशात मोडतं हे कळायलासुद्धा आधी डोकं थंड लागतं, आणि ते मला त्या लाल पेनाने मिळालं. निळी शाई यांच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. शोधतोय.

शेवटची पोळी

एक विचारू? तुमचा 'च' गेला हे तुम्ही सांगताय. मुलीला काही फरक कळला का? माझ्या शांतपणाचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण आत काय चाललंय ते कुणी विचारलं नव्हतं. म्हणून उलटं विचारते.

आणि कळवायचं म्हणून : दोन वर्षं झाली, रविवारी मी पोळ्या करत नाही. पहिल्या रविवारी सासरे ताटावर तासभर बसून होते. मी 'करणारच नाही' म्हटलं होतं, 'च'सकट. आता त्या दिवशी ते स्वतः खिचडी टाकतात. मीठ जास्त असतं.

स्लो लोकल

ताई, काल जेवताना विचारलं. मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "हो, कळला ना. आधी तुम्ही 'असंच कर' म्हणायचात. आता 'तुझं तू बघ' म्हणता. माझी कुठली फील्ड ट्रिप कुठे गेली, हेसुद्धा विचारत नाही तुम्ही हल्ली."

रात्री वही काढली. पहिल्या रकान्यात हे सगळं लिहिलं. तिसऱ्यात लिहिलं, 'पावणेतीनपर्यंत जागा.' मधला रकाना अजून कोरा आहे. तिची ट्रिप रत्नागिरीजवळच्या कातळशिल्पांना गेली होती, हे आज सकाळी तिच्या आईकडून कळलं.