नवीन लिनक्स मिंट टाकलं, वायफायच दिसून नाही राहिलं

बाभूळगावची:
नमस्कार भाऊ लोकहो. गावात पोरापोरींसाठी छोटी अभ्यासिका चालवतो आम्ही, तिथं एकानं जुना लॅपटॉप दिला. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला अन ११ ह्या मशीनवर बसत नाही म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आवाज, टचपॅड, स्क्रीन सगळं सुरू झालं पण वायफाय नाही. म्हणजे यादीत आपलं नेटवर्क नाही असं नाही, यादीच येत नाही. ब्रॉडबँडची लाइन नाही इकडं, फोनच्या हॉटस्पॉटवरच चालते सगळं, अन नेट स्लॅबवर गेलं तरच धड येते. जो तो म्हणते ड्रायव्हर (वायफायचा पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करा, पण नेटच नाही तं डाउनलोड कशानं करू? पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे आहेत, प्रत्येक वेळी एसटीचं भाडं घालून तालुक्याला जा लागते त्यांले. सांगा न कोणी.

पुलगावचा पोट्टा:
ताई घाबरू नका, हे होते. आधी आत वायफायची चिप कोणती आहे ते पाहा, त्याच्याशिवाय कोणाचंच ऐकू नका. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून स्मॉलमध्ये एलएसपीसीआय लिहा, मग स्पेस, डॅश, एनएनके. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत कंसातला नंबर १४ई४ नं सुरू होत असला तं ब्रॉडकॉम, १०ईसी असला तं रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ नसली तं ड्रायव्हर लागलेलाच नाही.

अन नेटचं म्हणाल तं हॉटस्पॉट सोडा, अँड्रॉइड फोन केबलनं लावा अन फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सले त्याच्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, वायरचं नेट समजून जोडून घेते. टेदरिंगचं बटन फिकं दिसून राहिलं तं केबल फक्त चार्जिंगची असते, डेटावाली आणा. लॅपटॉप स्लॅबवर न्या, चार्जर सोबत ठेवा.

बाभूळगावची:
हाव भाऊ, केबल बदलल्यावर नेट आलं! नंबर १४ई४:४३६५ दाखवते, ड्रायव्हरची ओळ नाही. पण अपडेटले लावलं तं रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही असं काहीतरी येऊन राहिलं.

वरूडकर:
ताई तारीख पाहा लॅपटॉपची. जुन्या मशीनमधला बटन सेल गेला की लाइट गेल्यावर तारीख मागं पडते अन मग अपडेटही नाही होत, अर्ध्या वेबसाइटही सर्टिफिकेटचं कारण देऊन उघडत नाहीत. तारीख नीट करा, सेल नंतर बदलून घ्या, सीआर२०३२ असते बहुतेक, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटते.

तुमची चिप बीसीएम४३१४२ आहे. मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तिथं ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दाखवीन, तो निवडून अप्लाय करा. फोनचा डेटा कमी असला तं बाकीचे अपडेट आता नका घेऊ, ड्रायव्हर काही एमबीचाच आहे. अन हे काम लाइट असतानाच करा, तुमच्याकडं लोडशेडिंग असते अन जुन्या बॅटरीचा भरवसा नाही. मधातच बंद पडला तं सुडो डीपीकेजी डॅशडॅश कॉन्फिगर, स्पेस, डॅश ए मारा, अर्धवट राहिलेलं पूर्ण करते. गिटहबवरून (लोकं आपले प्रोग्राम ठेवतात ती वेबसाइट) दिसेल तो ड्रायव्हर उचलून टाकू नका, नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की तो तुटते अन मग पोरं परत नेटशिवाय बसतात.

बाभूळगावची:
तारीख खरंच मागची होती. ड्रायव्हर टाकला, त्यानं एक पासवर्ड बनवाले लावला, रीस्टार्ट केलं तरी वायफाय नाही. काऊन?

पुलगावचा पोट्टा:
सिक्युअर बूट चालू आहे तुमचं, म्हणजे मंजुरी नसलेला ड्रायव्हर ते चालू देत नाही. रीस्टार्टच्या वेळी निळा स्क्रीन येते, त्याच्यावर 'एनरोल मॉक' (म्हणजे मालकाची मंजुरीची की नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्या लागते. दहा सेकंद कोणतंच बटन नाही दाबलं तं तो निघून जाते अन कर्नल त्या ड्रायव्हरले आत घेत नाही. टर्मिनलमध्ये सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल मारून पाहा, 'की वॉज रिजेक्टेड' आलं म्हणजे हेच. मग सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, स्पेस, डॅशडॅश एनरोल-की करा, नवीन पासवर्ड साधा ठेवा कारण त्या स्क्रीनवर टाइप केलेलं दिसत नाही, अन रीस्टार्ट होताना लॅपटॉपसमोरच बसा.

बाभूळगावची:
यादी आली भाऊ! पोरी आतापासूनच लाइनीत बसल्या. फक्त थोडा वेळ हात नाही लावला की नेट तुटते.

वरूडकर:
वायफायचं पॉवर सेव्हिंग आहे ते. ईटीसीच्या आत नेटवर्कमॅनेजर, त्याच्यात कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे. अॅडमिन म्हणून उघडून ३ च्या जागी २ करा, सेव्ह करून मशीन रीस्टार्ट करा. मग एक फॉर्म शेवटपर्यंत भरून पाहा, तरी तुटलं तं इथं लिहा.