ब्रांच मागून बदलता येते का? खान्देशातले अनुभव सांगा

सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आपल्याकडे एक सल्ला गावोगाव फिरतो. "कॉलेज चांगलं धरून घे, ब्रांच काय, मागून बदलता येते." हा सल्ला देणाऱ्यांपैकी स्वतः ब्रांच बदललेले किती, याचं मला फार कुतूहल आहे. म्हणून हा धागा. बदलली असेल, बदलायला जाऊन अडकला असाल, की मिळाली तीच निभावली असेल, लिहा. इंजिनीअरिंगच हवं असं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, नुसत्या कॉलेजला प्रवेश नसतोच. ऑप्शन फॉर्मवर कॉलेज आणि शाखा मिळून एक कोड असतो आणि कटऑफ त्या कोडाचा असतो. त्यामुळे एकाच कॉलेजचं सिव्हिल सहज मिळतं आणि कॉम्प्युटर हातून जातं.

चोपडा, सध्या पुणे
मी बदलली. मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. पण कसं जमलं ते नीट सांगतो, कारण घरचे अजून "आमच्या पोराने बदलून घेतली" असं चारचौघांत सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते बसची सीट बदलण्याइतकं सोपं वाटतं.

पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर कॉलेज दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा बघतं. कोणी गळालेला असतो, कोणी दुसऱ्या कॉलेजात गेलेला असतो. त्या जागांसाठी अर्ज घेतात आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. आमच्या वेळी कॉम्प्युटरला जागा निघाल्या, त्या बोटावर मोजण्याइतक्या. अर्ज वर्गभर पोरांचे. बॅकलॉग (राहिलेले विषय) असलेल्यांना तर कोणी दारातही उभं केलं नाही. त्यात रिकाम्या जागांवर डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला येतात, म्हणजे तेही वाटेकरी. ज्याला पहिल्या वर्षी वर्गात पहिल्या चार-पाचांत यायची खात्री आहे, त्यानेच या भरवशावर राहावं. आणि ही खात्री बारावीच्या जूनमध्ये कोणाला असते?

रावेर, पालक (केळी बागायतदार)
टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं, ट्यूशन फी माफ. कोडाच्या शेवटी इंग्रजी 'टी' असतो. मुलाला त्यातून इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, आम्ही पेढे वाटले. वर्षभराने तो म्हणे, पप्पा, आयटीला जागा आहे, गुणही आहेत, अर्ज करू का? ऑफिसात विचारलं तर कळलं की या योजनेतून आलेल्याला कॉलेजही बदलता येत नाही आणि कोर्सही. नियमच तसा आहे. प्रवेशाच्या वेळी हे आम्हाला कोणी बोललं नव्हतं, आणि आम्हीही माहितीपुस्तिका तिथवर वाचली नव्हती, फीचा आकडाच बघितला होता. मुलीच्या वेळी हा पेचच आला नाही. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना कॅपमधून गेल्यावर फी माफ आहे, तिने साध्या कोडावरच प्रवेश घेतला.

(धागाकर्ता: दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. एक जोड देतो. 'टी' कोडाचा कटऑफ बहुतेक वेळा साध्या कोडापेक्षा वरच असतो.)

पारोळा
दहावीनंतर पॉलिटेक्निक, सिव्हिल. डिप्लोमा झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला जाताना तीच शाखा घ्यावी लागते असं अर्ध्या तालुक्याला वाटतं. तसं नाही. मी कॉम्प्युटर घेतलं. गणिताने मात्र घाम काढला. बारावी करून आलेल्या पोरांचं इंटिग्रेशन हातात बसलेलं असतं, आमचं तसं नसतं.

जळगाव
माझी उलट कथा. विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग आहे, जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात. तिथे प्लास्टिक मिळालं. भाऊबंदकीत सगळे विचारायचे, "कसाले लिधं रे भो?" आमच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, पाइपचे आहेत, ठिबकचं सामान इथेच बनतं. एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून साच्यातून काढायचं मशीन) म्हणजे काय हे मला पहिल्या वर्षाच्या आधीच माहीत होतं. बदलायचा विचार एकदा आला होता, पगाराचे आकडे ऐकून. मग राहून गेलं. आता वाईट वाटतं का? महिन्याच्या शेवटी कधीकधी.

शहादा, बीएस्सी
नवीन शैक्षणिक धोरणात आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे होते, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, म्हणजे मुख्य विषय. मी केमिस्ट्री धरून आले होते, निघाले बॉटनी घेऊन. पण तिघांच्या बाहेरचा विषय मेजर म्हणून मिळत नाही. तेव्हा पहिल्या दिवशीचे तीन नीट निवडा.

मूळ शिरपूर, आता अमेरिकेत
"तिकडे बरं, तिकडे विषय नंतर ठरवतात" असं सुट्टीत गावी आलो की ऐकतो. अर्धं खरं. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश विषयाशिवाय होतो आणि मेजर पहिल्या वर्षानंतर सांगायचा. पण मुलीसाठी अर्ज भरताना बाकीची बघितली तर चित्र आपल्या कॅपच्याच जवळचं. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनला कॉम्प्युटर सायन्स अर्जातच मागावं लागतं, दुसऱ्या विषयातून शिरून मागून तिकडे सरकायची वाट जवळजवळ बंद आहे. बर्कलीनेही आता कॉम्प्युटर सायन्सची निवड प्रवेशाच्या वेळीच आणली. सोपा विषय दाखवून आत यायचं आणि मग उडी मारायची, ही युक्ती तिथल्या लोकांनाही सुचली होतीच की!

साक्री
मेकॅनिकल केलं, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. शाखा बदलली नाही, कामच बदललं. कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या सगळ्या शाखांना बसू देतात, काही फक्त कॉम्प्युटर-आयटीला. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या आल्या की हॉस्टेलवर बसून राहायचं.

भडगाव, फॉर्म भरायला मदत करतो
दरवर्षी उन्हाळ्यात पोरं यादी घेऊन येतात. पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजच्या सगळ्या शाखा ओळीने वर, आवडीची शाखा खाली. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागायचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा, तिसरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिसऱ्या नंबरवरची शाखा उद्याच लागली तर चार वर्षं शिकशील का? पोरगा बापाकडे बघतो. मग आम्ही यादी खोडून परत लिहायला बसतो. यंदाचे नियम माहितीपुस्तिका आल्यावर परत वाचा, फेऱ्यांचं गणित बदलत असतं.