हात नको, आधी तुरा बघा

काकू, आधीच्या घरी तुमच्या कॉकाटीलला, म्हणजे त्या तुरेवाल्या छोट्या पोपटाला, पकडून हातावर बसवायचे, म्हणून आता हात दिसला की तो कोपऱ्यात जातो, असं तुम्ही लिहिलंय. त्याला टॉवेलात धरून हाताची सवय लावा, असा सल्ला इथे कुणीतरी तुम्हाला दिलाय, तो कृपा करून ऐकू नका. पळायला वाव नसल्याने गप्प बसलेला पक्षी माणसाळलेला नसतो, भीतीने गोठलेला असतो.

त्याचा तुरा बघत चला. एकदम ताठ आणि अंग आवळलेलं, म्हणजे घाबरलाय. डोक्याला चिकटलेला आणि फुत्कारतोय, म्हणजे पुढे येऊ नका. जिथे तुरा सैल, जरासा मागे झुकलेला राहतो, तेवढ्याच अंतरावर बसा, त्याच्याकडे टक लावून न बघता. राळ्याचं कणीस लांब देठाला धरून जाळीतून द्या. निवांत खायला लागला की रोज देठ थोडा आखूड करा. त्याने मान फिरवली तर तुम्हीच मागे सरा. त्याचं 'नको' तुम्ही ऐकता हे त्याला कळलं पाहिजे.

आपल्या इंदुरात रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक, निघते, तेव्हा राजवाड्याजवळ राहणाऱ्यांनी पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि त्या दिवशी काही शिकवू नये. रात्री मंद दिवा असू द्या, कॉकाटील अंधारात दचकून पंख आपटतात. खाणंच सोडलं तर मात्र लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.