सीटमागची टाकी हौद्याखाली न्यावी की नाही?

संत्राबाग, वरूड
आजोबांची १९५१ ची शेवरलेट पिकअप शेडमधून काढली. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात जुळवलेली, असं ते सांगायचे. इंजिन लागलं, ब्रेक झाले. पण पेट्रोलची टाकी कॅबमध्येच, सीटच्या पाठीशी. साठ-पासष्ट लिटर पेट्रोल पाठीला घेऊन बसायचं! मे महिन्यात वासानं डोकं उठतं, आई तर गाडीत पाय ठेवत नाही. टाकी मागे, एक्सलच्या पलीकडे, चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवतो म्हणतो. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं ‘ओरिजिनल ठेवा’ नको.

जुनं ते सोनं
तुम्हाला नको असलं तरी कारण तेच आहे. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात लागते, चेसिस-बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. टाकी हलवणं मोठा फेरफार की छोटा, हा वाद आरटीओच्या खिडकीवर कोण घालणार?

संत्राबाग, वरूड
व्हिंटेज नोंदणीला २० हजार भरायचे आणि गाडी न्यायची कुठे, तर रॅलीला, प्रदर्शनाला, नाहीतर पेट्रोल भरायला. मला तिच्यातून संत्र्याची क्रेट न्यायची आहेत. नको तो नंबर.

पांदणवाला
भाऊ, तुमची बाग डांबरी रोडावर आहे का पांदणीत? पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली का सरळ एक्सलले टेकते. अन् तुमी तिथं टाकी लटकवता? माह्या मामाच्या टेम्पोची खालची टाकी नाल्यातल्या गोट्यानं चेपली होती. घरी येईपर्यंत धार लागली. वरची टाकी चिखलापासून तरी वाचते ना बाप्पा!

बिनधास्त यवतमाळ
चिखलासाठी खाली जाड पत्र्याचं संरक्षण लावता येतं. कॅबमध्ये पेट्रोल सांडलं तर काय लावाल? मागून ट्रक आदळला की टाकी आणि माणूस यांच्यात फक्त सीटची गादी. मी संत्राबागच्या बाजूनं.

जुनं ते सोनं
बाहेर नेली म्हणजे सुरक्षित, हे कोणी सांगितलं? शेवरलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सनंच १९७३ पासून पिकअपची टाकी कॅबबाहेर काढली आणि चेसिसच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला लावली. बाजूनं धडक बसली की आग. खटले चालले. १९९४ ला कंपनीनं सुरक्षेच्या कामांसाठी पाच कोटींहून जास्त डॉलर द्यायचं कबूल केलं.

बिनधास्त यवतमाळ
म्हणूनच तर तो पट्ट्यांच्या *मध्ये* म्हणतोय. पोस्ट वाचत जा की.

गॅरेज, परतवाडा
दोघंही टाकीवर भांडता, वास येतो रबरातून. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. सीट काढा, भरायच्या तोंडाजवळचा रबर नखानं दाबा. नख रुतलं तर उत्तर मिळालं. इथेनॉल चालणारी नळी, झाकणाचं नवं वायसर, टाकीचा श्वास बाहेर काढणारी बारीक नळी मोकळी. एवढं आधी करा.

न्यायचीच असेल तर हेही ऐका. आज टाकी उंच आहे म्हणून इंजिनावरच्या पंपाला सोपं जातं. मागे खाली गेली की लांबून ओढावं लागेल, आणि आपल्या ४५ डिग्रीत पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी चढावर फटफट करत थांबेल. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लागेल. तुमची गाडी ६ व्होल्टची, बाजारात मिळतात ते पंप १२ व्होल्टचे. सायलेन्सरपासून लांब ठेवायची ती वेगळीच कटकट. टाकीत तरंगून काटा हलवणारा फ्लोटही जुन्या मीटरला जुळणारा हवा, नाहीतर टाकी रिकामी आणि काटा मध्यावर.

संत्राबाग, वरूड
आत्ताच सीट काढली. काका, नख रुतलं नाही, रबर बोटाला चिकटून आला! काळा, गुळासारखा. टाकीच्या खालच्या शिवणीवर ओल पण दिसते. नळ्या बदलतो. पण टाकीवरचं मत अजून बदललेलं नाही, ओल टाकीचीच असेल तर काय?

पांदणवाला
मंग वेल्डिंग मारून टाका अन् तिथंच ठेवा.

गॅरेज, परतवाडा
अहो, वेल्डिंगला तशीच नेऊ नका! रिकाम्या टाकीतली वाफच पेटते, महिनाभर उन्हात ठेवलेली असली तरी. धुवायला, कथलाचा डाग द्यायला रेडिएटरवाल्याकडे द्या. आणि तोवर शेडमध्ये विडी-काडी बंद.