गुच्ची भाऊबंदकीने बुडालं की स्वस्तातल्या कॅनव्हासने?

कापडचोपड: गुच्ची हा इटलीचा महागड्या बॅगांचा ब्रँड आज केरिंग या फ्रेंच कंपनीच्या मालकीचा आहे, घराण्याची त्यात मालकी नाही. 1921 साली गुच्चिओ गुच्चीने फ्लोरेन्समध्ये दुकान काढलं, मुलांनी ते न्यूयॉर्कला नेलं आणि नातवंडांनी कोर्टात. त्यातल्या पाओलो या नातवाला स्वतःच्या नावाने माल काढायचा होता. घरच्यांनी अडवलं, तर पठ्ठ्याने बापाची करचुकवेगिरी अमेरिकेत उघडी पाडली. 1986 मध्ये त्या बापाला, 81 वर्षांच्या आल्डोला, तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिसऱ्या पिढीत कारभार घरच्यांच्या हाती ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेशीमगाठ: अहो, मग एर्मेस या फ्रेंच ब्रँडचं काय? 1837 पासून चालू आहे, कारभार सहाव्या पिढीकडे. 2010 मध्ये LVMH या बड्या फ्रेंच कंपनीच्या आर्नो यांनी गुपचूप 17 टक्के शेअर जमवल्याचं कळलं, तेव्हा घरच्यांनी निम्म्याहून जास्त शेअर एका होल्डिंग कंपनीत वीस वर्षांसाठी अडकवून टाकले. भांडणं कुठल्या घरात नसतात? पण वाटण्या नीट बांधाव्या लागतात.

कापडचोपड: एर्मेस हा अपवाद आहे हो.

उसवण: भांडणं चवीने सांगता येतात म्हणून सगळे तीच सांगतात. मालाकडे कोण बघणार? 1947 ची बांबूची मूठवाली बॅग घ्या. युद्धानंतर चामड्याची टंचाई, म्हणून बांबू आचेवर तापवून हाताने वाकवला. नाव झालं ते अशा कामामुळे. आणि 1979 नंतर? कॅनव्हासच्या स्वस्त पिशव्या परफ्यूमच्या काउंटरवर आल्या. त्यांची नक्कल करणंही सोपं. पत गेली ती तिथे. गंमत म्हणजे हे ओळखलं ते घरच्याच मॉरिझिओने, गुच्चिओच्या आणखी एका नातवाने. त्याने स्वस्त माल बंद केला, 1989 मध्ये अमेरिकेतल्या डॉन मेलो या बाईंना माल सुधारायला आणलं, त्यांनी टॉम फोर्ड या डिझायनरला. पण विक्री आटली, हातात पैसा उरला नाही आणि 1993 मध्ये त्याला आपला 50 टक्के हिस्सा इन्व्हेस्टकॉर्प या गुंतवणूक कंपनीला विकावा लागला. पेरलं त्याने, कापलं दुसऱ्यांनी. (1995 च्या त्याच्या खुनाने घराणं संपलं असं कुणी लिहू नका. कंपनी दीड वर्ष आधीच गेली होती.)

रेशीमगाठ: उसवण, पटलं. पण कॅनव्हासचे निर्णय घेणारे तरी कोण होते? फक्त मुलगे. गुच्चिओची मुलगी ग्रिमाल्डा दुकानात राबली, तरी बापाने मुलगी म्हणून तिला कंपनीत वाटा दिला नाही. प्राडा हा इटालियन ब्रँड काढणाऱ्या मारिओ प्राडांनाही धंद्यात बायका नको होत्या, पण त्यांच्या मुलाला रस नव्हता म्हणून मुलीने सांभाळलं, मग नात मिउच्चाने. त्याच प्राडाने 2025 मध्ये व्हर्साची हा दुसरा इटालियन ब्रँड विकत घेतला!

कापडचोपड: ग्रिमाल्डाला वाटा मिळायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण त्या घरात त्याने काय झालं असतं? आणखी एक वकील लागला असता.