व्यायामाला जिद्द लागते की ठरलेली वेळ?

शेवंती
साराह मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला (२००२ चा लेख). आठवड्यात एकदा तरी २० मिनिटं जोरकस व्यायाम होतो का, एवढंच पाहायचं होतं. एका गटाला व्यायामाबद्दल काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे वाचायला दिले. तिसऱ्याला तेच दिलं, वर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहून घेतलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५, तिसऱ्यात ९१!
गंमत म्हणजे दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती. पाय मात्र हलले नाहीत. माझं म्हणणं, डॉक्टरांनी "चालत जा" हा उपदेश बंद करून वार आणि वेळ लिहून घ्यावी.

बोरकूट
एक आठवडा. एकदा. वीस मिनिटं. आणि व्यायाम केला की नाही हे सांगणारेही तेच विद्यार्थी. यावर डॉक्टरांची पद्धत बदलायची?
२०२१ चा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला अमेरिकेतला अभ्यास पाहा. ६१ हजारांवर जिम सदस्य, जिमला येणं वाढावं म्हणून चार-चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम, हजेरी थेट जिमच्या नोंदीतून. कार्यक्रम चालू असताना ४५ टक्के उपायांनी फरक पडला, संपल्यावर टिकला तो फक्त ८ टक्क्यांचा.

तात्या_तालीमवाले
पोरांनो, एवढे कागद कशाला? आमच्या वेळी पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायचे, विषय संपला. २१ दिवस नेटाने केलं की अंगवळणी पडतं. एक दिवस चुकला की गेलं सगळं पाण्यात.

शेवंती
तात्या, २१ दिवसांना आधार नाही. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं (२०१० चा लेख). मध्यम आकडा ६६ दिवस, पल्ला १८ ते २५४. व्यायाम निवडणाऱ्यांना पाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.
बोरकूट, आठवड्याचा आक्षेप रास्त आहे. पण तुमच्याच अभ्यासात सगळ्यात पुढे कोणता उपाय होता? चुकल्यानंतर परत येणाऱ्याला थोडं जास्त बक्षीस देणं.

बोरकूट
लॅलींचा अभ्यास ८४ दिवसांचा होता. मग २५४ आला कुठून? आलेख पुढे ओढून. तोही ९६ पैकी ३९ जणांच्याच नोंदींशी नीट जुळला. बाकीच्यांच्या सवयींचं काय झालं, ते ६६ आकडा मिरवणाऱ्यांना विचारा.

ओवी७९
तुम्हा सगळ्यांचं एक ठीक आहे, तुमची वेळ तुमच्या हातात आहे. 'सकाळी सात, बाग' असं मीही लिहीन. सातला डबे कोण भरणार? सासरे चहा मागणार, मुलीची रिक्षा यायची. अंगण आवरेपर्यंत दहा, आणि आमच्या इथली बाग दहाला बंद.
'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या लेखानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुष ४२ टक्के, स्त्रिया ५७. बायकांमध्ये काय जिद्द कमी असते? मानसशास्त्रज्ञ सूझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं, की वागणं बदलायला क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. इथे वाद प्रेरणेवर चाललाय, संधीचं नाव कुणी काढत नाही.

तात्या_तालीमवाले
अहो ताई, घरकाम हाच केवढा व्यायाम! तो मोजलाच नसेल त्यांनी.

ओवी७९
मोजलाय, तात्या. त्या पाहण्यांत घरचं काम, कामावरची मेहनत, जाणं-येणं सगळं धरतात. तरी ५७. दिवसभर उभं राहून पोळ्या लाटल्या तर कंबर दुखते, दम वाढत नाही.

शेवंती
त्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना डबे भरायचे नव्हते, हे खरंच. पण म्हणून लिहून घेणं वाया जात नाही. डॉक्टरने आधी विचारावं, "तुमच्या दिवसातली कोणती वीस मिनिटं कुणी मागत नाही?" ती निघाली तर लिहावी. निघत नसतील तर नवऱ्याला आत बोलवावं.

ओवी७९
हे चालेल. नवरा बाहेर पार्किंगमध्येच असतो.

बोरकूट
आणि हे सगळं विचारायला ओपीडीत डॉक्टरकडे मिनिटं दोन. त्याच्या 'संधी'चं कोण बघणार?