एल्फिन्स्टन एक का दोन? आणि ती लॉर्डकी नेमकी कुणाकडं जाते?

नवीपेठकर:
पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलीय, काल तिला पेशवाई कशी बुडाली ते सांगत बसलो होतो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या जनरल मन्रोनं आपला सोलापूरचा भुईकोट घेतला इथपर्यंत आलो, आणि ती म्हणाली काका, पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांकडचा इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन तोच ना ज्याच्या नावानं मुंबईत स्टेशन होतं? मी हो म्हणालो खरं, पण एका पुस्तकात हा १८२७ ला गव्हर्नरकी सोडतो आणि दुसऱ्यात १८५७ च्या बंडात एल्फिन्स्टनच गव्हर्नर. एक लॉर्ड, एक नुसता माउंटस्टुअर्ट. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा की, पोरीला चुकीचं शिकवायचं नाही मला.

कागदवाला:
दोन आहेत दादा, आणि ते चुलते-पुतणेच आहेत. घराणं स्कॉटलंडमधलं, लॉर्ड हा किताब १५१० चा. पहिला लॉर्ड अलेक्झांडर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत पडला, त्याचा मुलगा दुसरा लॉर्ड १५४७ ला पिंकीच्या लढाईत, म्हणजे बाप-लेक दोघंही इंग्रजांशी लढताना गेले. आपला माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. तिथं किताब थोरल्याला, धाकट्यांनी आपापलं बघायचं. चुलता ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांत होता, मग पोराला सोळाव्या वर्षी कलकत्त्याला धाडलं. थोरला असता तर हा माणूस पुण्याला कशाला आला असता! ५ नोव्हेंबर १८१७, खडकीच्या लढाईच्या दिवशी, त्याची संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली, त्यात त्याची पुस्तकं नि हस्तलिखितं गेली, ते वाचून मला आजही वाईट वाटतं. १८१९ ते २७ मुंबईचा गव्हर्नर, एल्फिन्स्टन कॉलेज याच्या नावाचं. पुढं गव्हर्नर जनरल होणार का विचारलं तर नाही म्हणाला. लॉर्ड मात्र कधीच झाला नाही.

दुसरा जॉन, तेरावा लॉर्ड, थोरल्या भावाचा मुलगा. १८१३ ला बाप वारला तेव्हा हा सहा वर्षांचाही नव्हता, त्या वयात लॉर्ड. आधी मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते ६० मुंबईचा. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आत्ताचं प्रभादेवी, ह्याच्या नावानं, आणि हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव पण.

मोहोळचा_पाटील:
आमच्याकडं एकाच पाटीलकीच्या चार तक्षिमा, म्हणजे वाटे. पोळ्याला पहिला बैल कुणाचा हे पाळीनं ठरतं, गेल्या साली धाकट्या आज्जांच्या घराची पाळी होती तर वेशीत आमची जोडी झूल घालून अर्धा तास थांबली, त्यांचा बैल आत गेल्याशिवाय कुणी कासरा सैल सोडला नाही. मान वाटला तरी वतन सगळ्या भावकीचं असायचं. तिकडं भावाला काहीच नाही हे मनाला पटत नाही. आणि जॉनला मूल नसलं तर पुढं काय?

कागदवाला:
पाटील, मुद्द्याचं विचारलंत. जॉननं लग्नच केलं नाही. १८५९ ला त्याला इंग्लंडच्या बाजूनं वेगळी बॅरनकी, म्हणजे लॉर्डकीचाच दुसरा किताब, मिळाली होती, तिला वारस फक्त त्याची स्वतःची मुलं, म्हणून १८६० ला तो गेला तशी ती तिथंच संपली. १५१० चा जुना किताब मात्र वर चढून चुलत घराण्यात गेला, चौदावा लॉर्ड त्याचा चुलत भाऊ. ती नवी बॅरनकी त्याला हवीशी का असेल तर १७०७ ला इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर स्कॉटलंडच्या सगळ्या लॉर्डांना पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात जागा नव्हती, आपल्यातले सोळा निवडून पाठवायचे. पंधराव्या लॉर्डला १८८५ ला तशीच बॅरनकी परत नव्यानं दिली. आणि पाटील, तुमच्या पाटीलकीबद्दल माउंटस्टुअर्टनं स्वतः लिहिलंय हो, १८१९ च्या त्याच्या रिपोर्टात गाव, पाटील, कुलकर्णी सगळं आहे.

नवीपेठकर:
लई उपकार झाले. पुतणीनं वहीत दोन रकाने पाडले, एकात कॉलेज, एकात स्टेशन, नि मधी लिहिलंय 'चुलता-पुतण्या'. आता म्हणतेय तो रिपोर्ट बघायचाय, कुठं मिळंल?